मुका मार की मोडलेलं हाड?

पावसाळ्यातली सकाळ. डोंबिवली स्थानकाच्या पुलाच्या पायऱ्या निसरड्या झालेल्या. पन्नाशीच्या एक बाई गाडी पकडायच्या घाईत घसरतात आणि तळहातावर आदळतात. दोघी-तिघी त्यांना उठवून बसवतात. कुणी पाण्याची बाटली पुढे करतं. कुणी सांगतं, ‘‘ताई, बोटं हलवून बघा.’’ बोटं हलतात. ‘‘मग काही नाही, मुका मार आहे,’’ असा निर्वाळा मिळतो आणि बाई पुढच्या गाडीने कामावर जातात. संध्याकाळी मनगट सुजतं. रात्री आंबेहळदीचा लेप, दुसऱ्या दिवशी क्रेप बँडेज, तिसऱ्या दिवशी ओळखीच्या कुणाकडून तरी ‘चोळून’ घेणं. एक्स-रे निघतो तो दहा-बारा दिवसांनी. तोवर हाड वाकडं जुळू लागलेलं असतं.

हा प्रसंग कुणा एकीचा नाही. ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या कुठल्याही घरात असा एखादा किस्सा सापडेल. त्यातली चूक हलगर्जीपणाची नाही, ती समजुतीची आहे. ‘हाड मोडलं असतं तर बोटं हललीच नसती’ ही आपल्याकडची सर्वात पक्की आणि सर्वात चुकीची समजूत. बोटं हलवणारे मोठे स्नायू असतात कोपर आणि मनगट यांच्या मधल्या भागात, आणि त्यांच्या दोऱ्यांसारख्या शिरा, म्हणजे स्नायुबंध, मनगटावरून बोटांपर्यंत जातात. मनगटाचं हाड तुटलं तरी या दोऱ्या शाबूत असतात, म्हणून बोटं हलतात. त्यावरून हाडाबद्दल काहीच कळत नाही. आयर्लंडमधले शल्यचिकित्सक अब्राहम कॉलिस यांनी मनगटाच्या या अस्थिभंगाचं वर्णन १८१४ मध्ये केलं, तेव्हा क्ष-किरणांचा शोध लागायला ८१ वर्षं होती. त्यांनी निदान केलं ते हाताचा आकार पाहून आणि बोटांनी चाचपून. आजही पहिला सुगावा तिथेच लागतो.

प्रत्येक लचक आणि प्रत्येक ठेच घेऊन रुग्णालय गाठायची गरज नसते. पण काही दुखापतींत तासांचा हिशेब असतो, काहींत दिवसांचा. हा हिशेब ओळखता आला तर हात-पाय वाचतात, कधी कधी जीवही.

आपल्या पट्ट्यातली दुखापत

या भागातल्या दुखापतींना इथल्या जगण्याचा आकार आहे. ९ जून २०२५ रोजी दिवा आणि मुंब्रा यांच्या दरम्यान, वळणावर एकमेकींशेजारून जाणाऱ्या दोन लोकलमधून दारात लटकलेले प्रवासी रुळांवर पडले, काहींचे जीव गेले, काही गंभीर जखमी झाले. २०१८ च्या पावसाळ्यात कल्याणच्या खड्ड्यांनी दुचाकीस्वारांचे बळी घेतले. दहीहंडीला तर ठाणे हे राजधानीचं ठिकाण. २०१२ मध्ये जय जवान पथकाने इथेच नऊ थर रचून ४३ फुटांहून अधिक उंचीचा विश्वविक्रम केला. त्यानंतर उंची आणि वय यावर न्यायालयात बराच खल झाला आणि २०१७ पासून १४ वर्षांखालील मुलांना थरांवर चढवू नये असं ठरलं. याशिवाय बातमीत न येणाऱ्या दुखापती आहेत: न्हाणीघरात घसरलेल्या आजी, सोसायटीच्या आवारात सायकलवरून पडलेली मुलं, रविवारच्या बॉक्स क्रिकेटमध्ये पोटरी धरून बसलेले चाळिशीतले खेळाडू, वर्षा मॅरेथॉनच्या हौसेने अचानक पळू लागलेले तरुण.

कारण काहीही असो, पाहायच्या खुणा त्याच असतात.

क्षणही घालवू नये अशा खुणा

पहिली खूण म्हणजे अस्थिभंगाच्या जागी जखम. हाड बाहेर डोकावत असेल तर कुणालाही कळतं. पण कित्येकदा हाडाचं टोक त्वचेला भोक पाडून परत आत गेलेलं असतं आणि बाहेर उरतं ते फक्त एक छोटं, रक्त झिरपणारं छिद्र. वाकड्या झालेल्या नडगीवर असं छिद्र दिसलं तर ती उघडी दुखापत समजावी. रस्त्यावरची माती आणि गटाराचं पाणी थेट हाडापर्यंत पोचलेलं असू शकतं. अशा वेळी प्रतिजैविक जितक्या लवकर, शक्यतो पहिल्या तासातच, सुरू होईल तितका हाडात जंतुसंसर्ग होण्याचा धोका कमी. हाड आत ढकलू नये, जखमेवर हळद, कॉफी, टूथपेस्ट काहीही लावू नये. स्वच्छ ओलसर कापड ठेवावं, रक्त वाहत असेल तर दाब द्यावा आणि निघावं. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं, हे आठवून ठेवावं.

दुसरी खूण रक्तपुरवठ्याची. मार कोपराला लागला असेल तर हाताची बोटं पाहावीत, गुडघ्याला लागला असेल तर पायाची. ती दुसऱ्या बाजूपेक्षा गार आहेत का? पांढुरकी किंवा निळसर आहेत का? स्पर्श कळत नाही का? नख दाबून सोडलं की ते पांढरं होतं आणि साधारण दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी होतं. गुलाबी व्हायला बराच वेळ लागत असेल तर रक्तवाहिनी दबलेली किंवा फाटलेली असू शकते. गुडघ्याचा सांधा निखळला की मागून जाणारी मोठी धमनी इजा पावण्याचा धोका असतो आणि रक्त तुटलेला पाय सहा ते आठ तासांपलीकडे वाचवणं अवघड होत जातं. कपटी गोष्ट अशी की निखळलेला गुडघा कधी कधी आपसूक जागेवर बसतो आणि फक्त सूज उरते. म्हणून दुचाकीवरून पडलेल्याचा गुडघा चांगलाच सुजला असेल तर पायाचा रंग आणि उष्णता पुन्हा पुन्हा तपासावी.

तिसरी खूण वेदनेची. मार जितका दिसतो त्याच्या कितीतरी पट वेदना, गोळी घेऊनही न थांबणारी आणि तासागणिक वाढणारी. पोटरी किंवा कोपराखालचा भाग दगडासारखा ताणलेला. आणि हाता-पायाची बोटं दुसऱ्याने हळूच सरळ केली तरी किंकाळी फुटावी असं दुखणं. आपले स्नायू पातळ पण चिवट आवरणांच्या कप्प्यांत बांधलेले असतात. आत सूज किंवा रक्तस्राव वाढला की आवरण ताणत नाही, आतला दाब वाढतो आणि बारीक रक्तवाहिन्या मिटतात. मनगटाची नाडी लागत असते, तरीही आतला स्नायू गुदमरत असतो. सुमारे सहा तासांनंतर तो कायमचा मरू लागतो. यावर लेप नाही, गोळी नाही. आवरण चिरून दाब मोकळा करणं हा एकच उपाय आहे.

याचा संबंध आपल्या एका जुन्या सवयीशी आहे. हाडवैद्याकडे जाऊन बांबूच्या कामट्या घट्ट आवळून घेण्याची पद्धत अजून संपलेली नाही. सूज वाढत असताना बाहेरून असं आवळलं तर तोच दाब दुप्पट होतो. जर्मन शल्यचिकित्सक फोल्कमान यांनी १८८१ मध्ये घट्ट बांधलेल्या हातांचं असं वर्णन करून ठेवलं आहे: मनगट वळलेलं, बोटं पंजासारखी आकडलेली, कायमची. रुग्णालयात घातलेलं प्लास्टरही याला अपवाद नाही. प्लास्टर घातल्यावर वेदना कमी व्हायला हवी. ती वाढत गेली, बोटं बधिर झाली, सुजून निळी पडली, तर ‘उद्या सकाळी दाखवू’ म्हणू नये. रात्री दोन वाजताही जावं. प्लास्टर पाच मिनिटांत कापता येतं, मेलेला स्नायू परत आणता येत नाही.

चौथी खूण मांडीची आणि कमरेची. मांडीचं हाड मोडलं की आतल्या आत लिटरभर किंवा त्याहून जास्त रक्त साठू शकतं, कमरेच्या हाडांच्या मोठ्या दुखापतीत त्याहूनही जास्त. बाहेर थेंब दिसत नाही, पण रुग्ण पांढरा पडतो, घामाने थबथबतो, नाडी जलद होते, बोलणं असंबद्ध होतं. अशा माणसाला रिक्षात कोंबू नये. त्याला आडवंच ठेवून न्यावं.

पाचवी खूण मान आणि पाठीची. वरच्या थरावरून कोसळलेला गोविंदा, गाडीतून पडलेला प्रवासी, पायाडावरून पडलेला बांधकाम मजूर. यांना दोन हात, दोन पाय धरून उचलणं हे आपल्याकडचं नेहमीचं दृश्य. मणका मोडलेला असेल तर अशा उचलण्याने मज्जारज्जूला इजा होऊन चालता येणारा माणूस कायमचा पांगळा होऊ शकतो. मानेत दुखत असेल, हात-पाय बधिर किंवा लुळे वाटत असतील किंवा माणूस शुद्धीवर नसेल, तर आगीसारखा दुसरा धोका नसेल तोवर त्याला हलवू नये. डोकं दोन्ही हातांनी आहे तसं स्थिर धरावं आणि श्वास चालू आहे ना, यावर लक्ष ठेवावं. रुळांवर पडलेल्याला मात्र बाजूला घ्यावंच लागतं. तेव्हा डोकं, पाठ आणि कंबर एका रेषेत ठेवून चार-पाच जणांनी मिळून, फळीवर किंवा स्ट्रेचरवर न्यावं.

तुटलेला अवयव, चेंगरलेला स्नायू

रेल्वेच्या या पट्ट्यात आणखी एक गोष्ट प्रत्येकाला माहीत असायला हवी. १९६२ मध्ये अमेरिकेत बॉस्टनजवळ एक १२ वर्षांचा मुलगा मालगाडीला लटकताना अपघातात सापडला आणि त्याचा हात खांद्याजवळून तुटला. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये डॉ. रोनाल्ड माल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो जोडला. पूर्ण तुटलेला हात यशस्वीपणे जोडण्याची ती जगातली पहिली शस्त्रक्रिया. आज आपल्याकडेही अशा शस्त्रक्रिया होतात, पण त्यासाठी तुटलेला भाग नीट पोचावा लागतो. तो स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळावा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधावं आणि ती पिशवी बर्फ-पाण्याच्या दुसऱ्या पिशवीत ठेवावी. बर्फ थेट अवयवाला लागला तर पेशी गोठून मरतात आणि जोडण्यासारखं काही उरत नाही. बोटात स्नायू नसतात, म्हणून ते थंड ठेवलं तर बरेच तास टिकतं. हात-पाय मात्र स्नायूंनी भरलेले, त्यामुळे सहा तासांनंतर आशा झपाट्याने मावळते. आणि अवयव शोधण्याआधी माणसाचं रक्त थांबवावं, हा क्रम विसरू नये.

इमारती कोसळण्याचा इतिहासही या जिल्ह्याला आहे. ४ एप्रिल २०१३ रोजी शीळफाट्याजवळ लकी कंपाउंडमधली इमारत कोसळून ७४ जण मृत्युमुखी पडले. ढिगाऱ्याखाली तासन् तास दबलेला माणूस बाहेर काढल्यावर बोलतो, पाणी मागतो आणि थोड्या वेळाने कोसळतो, असं घडू शकतं. चेंगरलेल्या स्नायूंतले पदार्थ दाब निघताच रक्तात मिसळतात. त्यातल्या पोटॅशियममुळे हृदय थांबू शकतं आणि स्नायूंतल्या प्रथिनामुळे मूत्रपिंडं बंद पडू शकतात. लंडनवरच्या बॉम्बवर्षावातले असे रुग्ण पाहून बायवॉटर्स आणि बील या डॉक्टरांनी १९४१ मध्ये हे दुखणं जगापुढे मांडलं. याचं छोटं रूप व्यायामशाळेतही दिसतं. पहिल्याच दिवशी शेकडो बैठका मारून मांड्या आखडल्या आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, तर ते ‘अंग भरून येणं’ नव्हे. त्याच दिवशी रुग्णालय गाठावं.

त्याच दिवशी दाखवावं असं

घोटा मुरगळला की एक्स-रे काढायचा की नाही, याचं उत्तर कॅनडातल्या ओटावामधल्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये सोपं करून ठेवलं आहे. पडल्यानंतर आणि नंतर तपासतानाही चार पावलं टाकता येत नसतील, लंगडत का होईना, तर एक्स-रे हवा. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांच्या मागच्या कडेवर, किंवा पावलाच्या बाहेरच्या कडेला मध्यावर, करंगळीच्या रेषेतल्या उंचवट्यावर, किंवा पावलाच्या आतल्या बाजूला घोट्याच्या जरा पुढे, हाडावर बोट दाबताच कळ येत असेल, तरीही हवा. यातलं काही नसेल तर बहुधा अस्थिबंधाचीच दुखापत असते. हे नियम मोठ्यांसाठी आहेत. लहान मुलांना, किंवा मधुमेहामुळे पाय बधिर झालेल्यांना ते जसेच्या तसे लावू नयेत.

तळहातावर पडल्यानंतर अंगठा ताठ वर करावा. त्याच्या मुळाशी, मनगटाच्या बाजूला एक खळगा दिसतो. त्यात दाबून दुखत असेल तर तिथलं होडीच्या आकाराचं छोटं हाड मोडलेलं असू शकतं. पहिला एक्स-रे चक्क निर्दोष येऊ शकतो, म्हणून डॉक्टर हात बांधून दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा बोलावतात. हे बोलावणं टाळू नये. या हाडाचा रक्तपुरवठा तुटपुंजा असतो, उशीर झाला तर ते जुळतच नाही.

बॅडमिंटन किंवा क्रिकेट खेळताना ‘मागून कुणीतरी लाथ मारली’ असं वाटलं, वळून पाहिलं तर कुणीच नाही, आणि चवड्यावर उभं राहता येत नाही, तर टाचेची जाड शीर तुटलेली असू शकते. चालता येतं, म्हणून लोक आठवडे काढतात. लवकर आलेल्याला उपचारांचे जास्त पर्याय असतात.

मुलांचं हाड ओल्या फांदीसारखं असतं. ते कडाडून तुटण्याऐवजी वाकतं, एका बाजूने चिरतं. मूल हात वापरत नाही, हात लावू देत नाही, एवढी खूण पुरेशी आहे. घसरगुंडीवरून पडून कोपराच्या वर सूज आली असेल तर मात्र घाई करावी. तिथल्या अस्थिभंगात हाताची मुख्य धमनी दबू शकते.

आजी-आजोबा पडले, उठता येत नाही, एक पाय आखूड दिसतो आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेलं आहे, तर खुब्याचं हाड मोडलेलं समजावं. काही वेळा हाड एकमेकांत रुतून बसतं आणि आजी दोन दिवस लंगडत चालतातही, तक्रार असते जांघेची किंवा चक्क गुडघ्याची. ‘या वयात शस्त्रक्रिया कशाला, पडून राहू दे’ हा सल्ला प्रेमाने दिलेला असला तरी घातक असतो. पडून राहिल्यानेच न्यूमोनिया होतो, पाठीला जखमा होतात, पायांत रक्ताच्या गुठळ्या होतात. तब्येत साथ देत असेल तर पहिल्या एक-दोन दिवसांतच शस्त्रक्रिया व्हावी, असं अस्थिरोगतज्ज्ञ सांगतात.

मार न लागताही

दोन दुखणी पडल्या-झडल्याशिवाय येतात आणि तितकीच तातडीची असतात. एक, ताप आणि एकच सांधा लाल, गरम, सुजलेला, इतका की हलवू देत नाही. लहान मूल अचानक पाय टेकेनासं झालं आणि अंगात ताप असेल तर सांध्यात पू झालेला असू शकतो. काही दिवसांतच तो सांध्याची कूर्चा खाऊन टाकतो. दुसरं, कंबरदुखीसोबत लघवी तुंबणं किंवा नकळत होणं, दोन्ही पायांत अशक्तपणा, आणि बसताना जो भाग टेकतो तिथला स्पर्श न कळणं. मणक्यातल्या चेतातंतूंचा जुडगा दबल्याची ही लक्षणं आहेत. अशा वेळी मालिश, वजनं, व्यायाम काहीही करू नये, तातडीने रुग्णालयात जावं.

पोचेपर्यंत काय करावं

अंगठ्या, बांगड्या, पाटल्या, घड्याळ, पायातली जोडवी आधी काढावीत. सूज आल्यावर त्या कापाव्या लागतात किंवा बोट कापायची वेळ येते. हात-पाय आहे त्या स्थितीतच आधार देऊन बांधावा. पुठ्ठा, घडी घातलेलं जाड वर्तमानपत्र, मोडकी छत्री, काहीही चालतं, फक्त वरचा आणि खालचा सांधा दोन्ही स्थिर राहायला हवेत. हातासाठी ओढणीची झोळी उत्तम. निखळलेला खांदा गर्दीतल्या उत्साही माणसाला ओढू देऊ नये. सोबत हाडही मोडलेलं असेल तर तो झटका महागात पडतो. बर्फ कापडात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं ठेवावा. शेक, चोळणं आणि बाम पहिले दोन दिवस नकोत. शस्त्रक्रियेची शक्यता वाटत असेल तर चहा-बिस्किटांचा आग्रह करू नये. पोट भरलेलं असेल तर भूल देणं धोक्याचं होतं.

रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि रेल्वेत १३९ हे क्रमांक फोनमध्ये जपून ठेवावेत. ठाण्यात जिल्हा रुग्णालय, कळव्यात छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणमध्ये रुक्मिणीबाई, डोंबिवलीत शास्त्रीनगर ही सार्वजनिक रुग्णालयं आहेत. खासगी ठिकाणी जायचं असेल तर निघण्यापूर्वी एकच प्रश्न फोनवर विचारावा: ‘‘अस्थिरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि शस्त्रक्रियागृह आत्ता उपलब्ध आहे का?’’ शीळ रस्त्याच्या किंवा घोडबंदरच्या कोंडीत अडकून एका दारावरून दुसऱ्या दारी जाण्यात जो वेळ जातो, तो याने वाचतो. आणि रस्त्यावरच्या जखमीला मदत करायला पोलिसांच्या भीतीने कचरू नये. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं आहे, नाव सांगण्याची सक्तीही त्याच्यावर नाही.

शेवटी पुन्हा त्या पुलावरच्या बाईंकडे. ‘बोटं हलवून बघा’ असं सांगणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. पुढच्या वेळी त्यांनी एवढंच बदलावं: बोटं हलतात का ते पाहून थांबू नये. ती गार आहेत का, पांढरी पडलीत का, बधिर आहेत का, हे पाहावं. मनगटाचा आकार बदललाय का, हाडावर दाबून दुखतंय का, हे विचारावं. उत्तर ‘हो’ असेल तर त्या दिवशी कामावर जाऊ नये, एक्स-रे काढायला जावं. शिवाय, उभ्या उंचीवरून साधं पडून या वयात हाड मोडलं असेल तर ते हाडांच्या ठिसूळपणाचंही लक्षण असू शकतं. प्लास्टर निघाल्यावर त्याची तपासणी करून घ्यावी. आज मनगट मोडलं, वेळीच लक्ष दिलं तर उद्याचा खुबा वाचेल.